संगणकाआधीचा रेडिओ: कार्यक्रमाची तयारी कशी व्हायची? (अनुभव धागा)

आज गाण्यांचा क्रम संगणकात आधीच लावलेला असतो, जाहिरातीही आपोआप वाजतात. हे सगळं जेव्हा हातांनी व्हायचं, तेव्हा ज्यांनी तबकड्या, स्पूल (टेपची रिळं) आणि क्यू शीट (काय, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ वाजणार ते लिहिलेला कागद) हाताळल्या, त्यांनी इथे लिहावं ही विनंती. माईकवर काय बोललात त्यापेक्षा माईक सुरू होण्याआधी काय करत होतात, ते वाचायला आवडेल. बारीकसारीक तपशील गाळू नका, तेच आधी विसरले जातात.

निवृत्त निवेदिका
मी आकाशवाणीत फर्माइशीचा कार्यक्रम करायचे. तयारी पोस्टकार्डांपासून सुरू व्हायची. एकाच गाण्यासाठी आलेली पत्रं एकत्र करायची, नावं आणि गावं स्वच्छ अक्षरात उतरवायची. गावाचं नाव चुकीचं उच्चारलं तर त्या माणसाला किती वाईट वाटेल, म्हणून शंका आली की त्या भागातल्या सहकाऱ्याला विचारायचं.

मग लायब्ररी. कार्डावरून रेकॉर्डचा नंबर काढायचा आणि रेकॉर्ड वाजवून बघायची. नुसतं पाकीट बघून क्यू शीट भरणं मला कधीच पटलं नाही. चरा कुठे आहे, शेवट एकदम थांबतो की हळूहळू विरतो, सुरुवातीचं संगीत किती सेकंद आहे, हे कानांनीच कळतं. शीटवर गाणं, गायक, गीतकार, संगीतकार, रेकॉर्डचा नंबर, बाजू आणि वेळ. ३ मिनिटं ४० सेकंद आणि ३ मिनिटं ३५ सेकंद म्हणजे ७ मिनिटं १५ सेकंद, अशी साठाच्या हिशेबाची बेरीज पुढे पुढे तोंडपाठ झाली. दिल्लीच्या बातम्या कोणासाठी थांबत नाहीत. त्यामुळे शेवटी उरलेले सेकंद भरायला वाद्यसंगीताचा तुकडा फिलर म्हणून जवळ असायचाच.

रेकॉर्ड लावताना सुई पहिल्या सुरावर आणायची आणि तबकडी हाताने किंचित उलटी फिरवायची. तेवढ्या अंतरात ती वेग पकडते. सुरुवातीलाच सूर खेचल्यासारखा आला तर गाण्याचा जीवच जातो.

टेपवाला
ताई, तुमच्या साठाच्या हिशेबासारखा आमचा इंचांचा हिशेब. साडेसात इंची वेगावर एक सेकंद म्हणजे साडेसात इंच टेप. मुलाखतीतलं वाक्य काढायचं तर स्पूल हाताने मागेपुढे फिरवत नेमकी जागा ऐकायची, पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, टेप कापायच्या ठोकळ्याच्या खाचेत टेप बसवून ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि मागून चिकटपट्टी. सरळ कापलं तर जोडाच्या जागी टक् असा आवाज येण्याची भीती असते. वाक्य काढलं तरी त्याआधीचा श्वास ठेवायचा. श्वास गेला की ऐकणाऱ्याला माणूस घाईत आहे असं वाटतं. जाहिरातींचे स्पॉटही असेच जोडलेले, मध्ये पांढरी लीडर टेप (आवाज नसलेली कोरी पट्टी), म्हणजे पुढचा कुठे सुरू होतो ते डोळ्यांनी दिसे.

जुना श्रोता
मी स्टुडिओत कधी गेलो नाही, पण एक गोष्ट नोंदवतो. अमीन सायानींची बिनाका गीतमाला १९५२ पासून रेडिओ सिलोनवर लागायची, पण तिचं ध्वनिमुद्रण व्हायचं मुंबईत, आणि टेप विमानाने कोलंबोला जायच्या. म्हणजे आपण ज्याला 'आत्ता बोलतायत' समजत होतो, ते सगळं आधीच बांधून झालेलं असे. तरीही तो आवाज समोरून बोलल्यासारखा वाटायचा. ही तयारीचीच कमाल.

नव्वदीतला एफएम
१९९३ साली आकाशवाणीच्या एफएमवर खासगी कंपन्यांना वेळ मिळाला, त्या काळात मी कामाला लागलो. दोन सीडी प्लेअर, एकावर गाणं चालू, दुसऱ्यावर पुढचं क्यू करून, म्हणजे अगदी सुरुवातीवर आणून, ठेवलेलं. घरून येतानाच सीडी क्रमाने लावलेल्या. गप्पांसाठी वर्तमानपत्राची कात्रणं वहीत चिकटवायचो. आयत्या वेळी शोधायला हाताशी काहीच नसायचं, म्हणून वाचन दांडगं लागायचं.

धागाकर्ती
ताई, लाखेच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांसाठी वेगळी काय तयारी असे?

निवृत्त निवेदिका
सुई वेगळी, ती आधी बदलून घ्यायची, कारण त्यांची खाच रुंद असते. वेगाचा खटका ७८ वर आहे ना, ते दोनदा बघायचं. एका बाजूला साधारण तीनच मिनिटं, त्यामुळे पुढची तबकडी तयार असल्याशिवाय पहिली सुरूच करायची नाही. आणि ती पुसताना कापड नेहमी खाचेच्या दिशेने फिरवायचं, आडवं कधीच नाही.