सीपॅपचा मास्क मध्यरात्री गळतो, हवा डोळ्यांत जाते. काय करावं?

साताऱ्याची:
बाबा ६८ वर्षांचे. झोपेच्या तपासणीत एएचआय ४२ आला, म्हणजे तासाला ४२ वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो. डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन, लावायला सांगितलंय, हवेचं प्रेशर ११. मशीनची तक्रार नाही, सगळं भांडण मास्कशी. झोपायच्या आधी खुर्चीत बसवून मी लावून देते तेव्हा झकास बसतो. दोनच्या सुमारास फुर्रर्र सुरू होतं, हवा थेट डोळ्यांत. बाबा चिडून पट्टे आवळतात, तरी गळतंच. सकाळी नाकाच्या हाडावर लालभडक वळ. आई म्हणते, ह्यापेक्षा घोरणं परवडलं. मास्क नाक-तोंड दोन्ही झाकणारा, मीडियम. बाबांना झुपकेदार मिशी आहे आणि ती काढायचा विषय घरात कोण काढणार? दुकानदार फोनवर एकच सांगतो, "घट्ट करा." अजून किती?

घोरासुर:
उलट सैल करा. आणि खुर्चीत बसवून लावणं बंद. माणूस आडवा झाला की गाल कानांकडे ओघळतात, जबडा मागे जातो, चेहराच बदलतो. बाबांना त्यांच्या रोजच्या उशीवर झोपवा, मशीन चालू करा, रॅम्प (प्रेशर हळूहळू वाढवायची सोय) बंद ठेवा, म्हणजे पहिल्यापासून ११ चं प्रेशर येईल. हवा चालू असतानाच मास्क दोन बोटांनी चेहऱ्यापासून जरासा उचला आणि अलगद परत टेकवा. सिलिकॉनची पातळ कड हवेनं फुगते आणि फट तीच बुजवते. पट्टे आवळले की ती कड दुमडते, फुगायला जागाच उरत नाही, म्हणून आवळावं तितकं जास्त गळतं. डावा-उजवा पट्टा एकदम, सारखाच ओढायचा, गळणं थांबेल इतपतच. मग बाबांना या कुशीवरून त्या कुशीवर वळायला लावा. दोनचं फुर्रर्र बहुतेक कूस बदलल्यावरचं असणार.

मिशी राहू द्या! तुमच्या मास्कची कड नाकाच्या हाडावरून गालांवर उतरून ओठाखाली टेकते, मिशी आतच राहते. गालांपर्यंत पसरली असेल तर टोकं कातरा, बस. नुसत्या नाकाच्या मास्कला मात्र मिशी नडते. गालावरचे खुंटही नडतात.

झोपण्याआधी तोंड साबणानं धुवायचं, क्रीम नको. मास्कची गादी रोज सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवा, तेलकटपणानं कड घसरते. डोक्याला खोबरेल चोळायची सवय असेल तर ते काम सकाळी.

आणि आईंना सांगा, ३० च्या वर तीव्र समजतात, बाबा ४२ वर आहेत. घोरणं परवडणारं नाही. सिडनीत डॉ. सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये सीपॅपचे पहिले प्रयोग जाहीर केले, तेव्हाच्या पेशंटांना मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागायचा. आपलं वेल्क्रोवर भागतंय.

झोपशाळा:
मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे. घोरासुर यांचं बरोबर. एक विचारते: बाबा रात्री कवळी काढून ठेवतात का? आणि त्यांना किंवा आईंना पेसमेकर आहे का? पुष्कळ मास्कच्या क्लिपांमध्ये लोहचुंबक असतं, पेसमेकर असेल तर तसला मास्क घरात नकोच.

साताऱ्याची:
पेसमेकर दोघांनाही नाही. पण कवळी!! मी मास्क लावते तेव्हा तोंडात असते, नंतर पाणी पिऊन वाटीत काढून ठेवतात. कुणी विचारलंच नव्हतं हो.

झोपशाळा:
मग निम्मं गळणं तिथलंच. कवळी काढली की गाल आणि ओठ आत बसतात, खालची कड अधांतरी राहते. झोपताना ठेवणार की काढणार ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि जे ठरेल त्याच अवस्थेत माप घ्या. एका कंपनीचा मीडियम दुसरीचा मीडियम नसतो, त्या-त्या मॉडेलचा मापाचा कागद मिळतो तो चेहऱ्याला लावून बघा. समोरची बारीक भोकं चादरीखाली जाऊ देऊ नका, श्वासाची हवा तिथूनच बाहेर पडते. ती गळती नव्हे, काही लोक चिकटपट्टी लावून ती बुजवतात! नाकावरचा वळ दिवसभर टिकला किंवा कातडी सोलवटली तर त्या जागी मास्क टेकवू नका, डॉक्टरांना दाखवून दुसऱ्या घडणीचा मागा. नाकाखालून बसणारे मास्कही मिळतात.

घोरासुर:
पण नाकाखालून बसणाऱ्या मास्कला मिशी आडवी येते, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.