अँटीनेटल की अँटेनेटल?

गंगावेसकर : शाहूपुरीतल्या एका दवाखान्याचं माहितीपत्रक मराठीत करतोय. छापखान्यातून प्रूफ आलं, ‘अँटीनेटल तपासणी दर बुधवारी’. वहिनीनं वाचलं आणि विचारलं, “अँटी म्हंजे विरोधी न्हवं? मग बाळाच्या विरोधात कसली तपासणी?” डॉक्टरही तोंडानं अँटीनेटलच म्हणतात. काय छापू?

मोडीवेडा : अँटेनेटल. लॅटिन ‘आंते’ म्हणजे आधी, ‘नातालिस’ म्हणजे जन्माचा. घड्याळातलं एएम आठवा : आंते मेरिदिएम, मध्यान्हाच्या आधी. अँटीबायोटिकमधलं ‘अँटी’ ग्रीक, विरुद्ध या अर्थाचं. घोळ संपला.

पेठेतला : एवढ्यात कुठला संपतोय! इंग्रजी ‘अँटिसिपेट’मधलं अँटी लॅटिन ‘आंते’च आहे की. शिवाय दोघांचं मूळ एकच, संस्कृत ‘अन्ति’ त्यांच्याच भावकीतला. अन्ति म्हणजे जवळ, समोर. समोरचा माणूस पुढंही असतो आणि आडवाही येतो.

रंकाळाकाठ : म्हणजे अंतरपाट पण त्यातलाच! अक्षता पडायच्या आधी धरतात.

पेठेतला : नाही हो. तो ‘अंतर’मधला. त्याचा लॅटिन भाऊ ‘इंटर’.

सिस्टर : आमच्याकडं सरळ एएनसी, म्हंजे अँटेनेटल केअर. बाई दारात येऊन म्हणती, “नाव घालाय आलोय.” तेवढ्यात सगळं आलं. आणि आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या बाईला अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमाराला अँटी-डीचं इंजेक्शन देतात. आता ‘अँटेनेटल अँटी-डी’ घाईत म्हणून दाखवा.

शुद्धमराठी : ‘प्रसूतिपूर्व’ असताना ही कसरत कशाला?

मोडीवेडा : प्रसूती आईची, जन्म बाळाचा. नातालिसला ‘जन्मपूर्व’ जवळचं.

रंकाळाकाठ : जन्मपूर्व तपासणी म्हटलं की मागच्या जन्माचं पाप तपासतात असं वाटतंय.

शुद्धमराठी : थट्टा सोडा. उद्या ‘पोस्टनेटल’ला टपालखातं म्हणाल. बाळंतीण शब्द मेलाय का?

सिस्टर : ‘अँटेरिअर’पण त्याच आंतेतलं ना? सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘प्लॅसेंटा अँटेरिअर’ वाचून परवा एक सासूबाई घाबरल्या. वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला आहे, एवढंच. मुलगा-मुलगी काही कळत नाही त्यातनं, हेही सांगावं लागलं.

मोडीवेडा : आणि लॅटिनमध्ये ‘प्लाकेंता’ म्हणजे चपटा केक!

रंकाळाकाठ : आपल्याकडं पोळी म्हणावी लागली असती.

शुद्धमराठी : चरकसंहितेच्या परंपरेत ‘अपरा’ आहे. वार हा गोठ्यातला शब्द.

पेठेतला : गोठ्यातला तर गोठ्यातला. आजी म्हैस व्याली की कंदील घेऊन बसायची, जार पडेपर्यंत उठायची नाही. म्हशीनं तो खाऊ नये म्हणून. जार म्हणजे संस्कृत ‘जरायू’च असणार.

गंगावेसकर : अहो, प्रूफ उद्या सकाळी द्यायचंय.

सिस्टर : आमच्या गावाकडं म्हशीचीही वारच पडती. जार कुणी म्हणत न्हाई.

पेठेतला : गाव कुठलं?