मदत हवी आहे : एक्सएमएलमधली बेरीज जुळेना

राम राम भाऊहो. हिंगणघाटकडे एका जिनिंगवर काट्याच्या नोंदी मी एक्सएमएलमध्ये (खुणांच्या आत माहिती ठेवायची फाइल) ठेवतो. गाव, त्यात शेतकरी, त्यात गाड्या. गाड्यांचं वजन शेतकऱ्याच्या 'एकूण'शी जुळते का, हे स्कीमाट्रॉनमध्ये (एक्सएमएल तपासायचे नियम लिहायची भाषा) एक्सपाथ (फाइलमधली माहिती शोधायची भाषा) लिहून तपासतो.

आधी बेरजेसाठी सम(//गाडी/@वजन) लिहिलं, तर एकाच गड्याच्या नावावर अख्ख्या फाइलचा कापूस चढला! पुढे टिंब देऊन .//गाडी केलं, ते सुटलं. आता सीतादहीचा, म्हणजे पहिल्या वेचणीचा थोडका कापूस छळून राहिला. १.१ आन् २.२ क्विंटल, एकूण ३.३, तरी नियम म्हणते चूक. बेरीज ३.३००००००००००००००३ येते ना! एक्सपाथ १.० आहे, त्यात अ‍ॅब्स फंक्शन (उणे चिन्ह काढणारं) नाही. मग शंभरानं गुणून, राउंड करून किलोत तुलना करू, का फरक दोन्ही बाजूंनी ०.००१ च्या आत पाहू? तुम्ही कसं लिहिता?