मदत हवी आहे: एसएसडी ऑफिसात उघडत नाही, फॉरमॅट मागते

मुलुंडकरीण
मंडळी, लवकर सांगा. साडेसहाला पानं छापखान्यात द्यायची आहेत. १ टीबीची बाहेरून लावायची एसएसडी, म्हणजे डिस्क आहे, पासवर्ड लावलेली. दिवाळी अंकाची पानं, फॉन्ट, चित्रं, सगळं तिच्यावरच. घरी झकास चालते. आज ऑफिसात लावली तर 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' म्हणते. दोनदा काढून घातली. काय करू?

भिजलेला_पापड
आधी ती खिडकी रद्द करा. फॉरमॅटला हात लावू नका! पासवर्ड कशाने लावलाय? विंडोज की मॅक?

कोपऱ्यातली_सीट
केबल बदला. माझंही अस्संच झालं होतं, चार्जरची केबल लावली होती. आणि निळ्या पोर्टात लावा.

मुलुंडकरीण
केबल घरचीच आहे हो. दोन्हीकडे विंडोज. पासवर्ड भाच्याने लावून दिला.

भिजलेला_पापड
ताई, कशाने ते सांगा. घरी उघडताना काय दिसतं?

मुलुंडकरीण
छोटी खिडकी येते. यादीतून अक्षर निवडायचं, 'माउंट' दाबायचं, पासवर्ड टाकायचा.

भिजलेला_पापड
मग हे व्हेराक्रिप्ट, डिस्कला पासवर्डचं कुलूप लावणारं सॉफ्टवेअर. भाच्याने डिस्कचा अख्खा भाग (पार्टिशन) एन्क्रिप्ट केलाय, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा केलाय. विंडोजला त्यात ओळखीची खूणच सापडत नाही, म्हणून ते फॉरमॅट मागतं. डेटा जागच्या जागी आहे. ऑफिसच्या पीसीवर व्हेराक्रिप्ट लागेल. इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल आवृत्तीही आहे, पण तिलाही ड्रायव्हर चढवायला पीसीच्या ॲडमिनचे हक्क लागतात.

मुलुंडकरीण
ॲडमिन पासवर्ड आयटीवाल्याकडे. तो एकला जेवायला गेलाय. आता तीन वाजलेत.

हिशेबनीस
मुळात बिटलॉकर वापरायचं, विंडोजचं स्वतःचं कुलूप. विंडोजच्या होम आवृत्तीवर त्याने डिस्क लॉक करता येत नाही, पण लॉक केलेली उघडते. ऑफिसच्या पीसीवर प्रो आवृत्ती असेल तर तिथे लॉक करा, घरी नुसता पासवर्ड टाका. पासवर्ड विसरलात तर लागणारी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, त्याच डिस्कवर नको.

पेंग्विनदादा
आणि उद्या मॅकवाला भेटला की? मॅक स्वतःहून बिटलॉकर उघडत नाही. विंडोजऐवजी लिनक्स टाका, त्यातलं डिस्कचं कुलूप लुक्स वापरा, सुखी व्हा.

हिशेबनीस
दादा, बाईंना साडेसहाला पानं द्यायची आहेत. लिनक्स कुठे शिकवताय?

फराळवाला
कुठला दिवाळी अंक? कविता घेतात का?

ग्रँटरोडकर
विषय निघालाच आहे तर, लॅमिंग्टन रोडला १ टीबी एसएसडी सध्या कितीला?

भिजलेला_पापड
वेगळा धागा काढा की. ताई, यापुढे डिस्क साधीच ठेवा आणि तिच्यावर व्हेराक्रिप्टची एक मोठी फाइल, कंटेनर म्हणतात तिला, करून त्यात काम ठेवा. फॉरमॅटचा प्रश्नच येणार नाही. ॲडमिनचं झंझट मात्र तेच. दुसरी प्रत कुठे आहे?

मुलुंडकरीण
कसली प्रत?

भिजलेला_पापड
अहो! रोज लोकलमधून नेता ना ती डिस्क? पर्स मारली तर? चोराला काही वाचता येणार नाही, पण तुमचा अंकही गेला. आज पानं गेली की आधी घरच्या पीसीवर कॉपी करा.

मुलुंडकरीण
आयटीवाला उगवला एकदाचा. 'बाहेरची डिस्क कोणाला विचारून आणली' यावर दहा मिनिटं घेतली, मग व्हेराक्रिप्ट टाकलं. उघडली! सगळी पानं आहेत. भाच्याला फोन केला तर म्हणतो, 'मावशी, मी सांगितलं होतं ना?' अजिबात सांगितलं नव्हतं. पापडदादा, खूप आभार. पळते, पाच-पन्नासची जलद गाठायची आहे.

कोपऱ्यातली_सीट
केबल बदलली होती ना?