चुना-राख-रेतीच्या विटा: २८ दिवस उलटले तरी कोपरे झडतात, ताकद येत नाही

कच्चामाल विचारतात:

न भाजता केलेल्या विटांबद्दल जाणकारांचं मत हवं आहे. सध्याचं मिश्रण असं: फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातली बारीक राख) ५०, ॲसिटिलीन प्लांटमधल्या कार्बाइडच्या चुन्याचा गाळ २०, बारीक रेती २७, फॉस्फोजिप्सम (खत कारखान्यातून निघणारं जिप्सम) ३. सगळं घमेल्याच्या मापाने. गाळ कमी पडला की त्यात कळीच्या (भाजलेल्या, पाण्याने न विरवलेल्या) चुन्याची भुकटी मिसळतो. पॅन मिक्सर आहे, हायड्रॉलिक प्रेस आहे, वीट २३० × ११० × ७५ मिमी.

प्रेसमधून वीट देखणी निघते. पण तिसऱ्या दिवशीही कोपरा अंगठ्याने दाबला की झडतो. २८ दिवसांची ताकद ३ ते ४ मेगापास्कलवर अडकते, हवी आहे ७.५. काही विटांवर आठवड्या-दोन आठवड्यांनी छोटे खड्डे पडतात आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. चुना २० वरून २५ वर नेला, काही फरक नाही. आता रेती वाढवावी, की सरळ सिमेंट घालावं?

---

राखुंडी:

रेती वाढवू नका. या विटेत रेती फक्त सांगाडा आहे, ती चिकटवायचं काम करत नाही. रेतीतली सिलिका स्फटिकरूप असते आणि साध्या तापमानाला चुना तिला हातही लावत नाही. फ्लाय ॲशमधली सिलिका आणि ॲल्युमिना काचेसारख्या अवस्थेत असतात. विरलेला चुना आणि पाणी मिळालं की त्यांच्यापासून सिमेंटमध्ये बनतो तोच कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचा बंध तयार होतो, फक्त सावकाश. जिप्समचं काम वेगळं: चुना, ॲल्युमिना आणि जिप्सम मिळून एट्रिंगाइटचे सुईसारखे स्फटिक होतात आणि पहिल्या काही दिवसांची ताकद बरीचशी तिथून येते. म्हणून तिसऱ्या दिवशी कोपरा झडतो त्याचा संशय आधी जिप्समवर घ्या, आणि २८ दिवसांची ताकद कमी आहे त्याचा चुना आणि राखेवर.

मुळात घमेल्याचं माप बंद करा. वजनी काटा नसेल तर या धंद्यात रोज वेगळी वीट निघणार. २०० किलो सुक्या मालाचा एक घाणा धरू:

फ्लाय ॲश ११०, विरलेल्या चुन्याची भुकटी २४ (९० टक्के शुद्ध), जिप्सम १०, रेती किंवा क्रशर डस्ट ५६. म्हणजे ५५, १२, ५ आणि २८ टक्के.

आता भुकटीऐवजी गाळ घ्या. २४ किलो भुकटीत खरा चुना, म्हणजे शुद्ध विरलेला चुना, २१.६ किलो. गाळ सुकवून त्यात ७० टक्के खरा चुना असेल तर सुका गाळ ३१ किलो लागेल. पण गाळात निम्मं पाणीच असेल, तर तुम्हाला ६२ किलो ओला गाळ ओतावा लागेल आणि त्याबरोबर ३१ लिटर पाणी आत जाईल. अख्ख्या घाण्याला पाणी लागतं साधारण २० लिटर! म्हणजे एकतर माल चिखल होतो, नाहीतर मिक्सरवाला माल बघून गाळ कमी टाकतो. तुमच्याकडे बहुधा दुसरं होतंय, म्हणून २० चे २५ करूनही फरक पडला नाही. गाळ पसरून ३० टक्के ओलाव्यापर्यंत उतरवा. मग ४४ किलो गाळात १३ लिटर पाणी येतं. जिप्सममधून दोन-एक, रेतीतून दोन-एक लिटर, आणि वरून घालायला दोन-तीन लिटर उरतं. हिशोब बसतो. पण गाळ हाडकासारखा कोरडाही होऊ देऊ नका, तो उघड्यावर जितका पडून राहील तितका हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन परत चुनखडी बनतो. चुनखडी वजनात भरते, कामात शून्य.

ते तपासायला गाळाच्या ढिगाचा वरचा आणि आतला नमुना घेऊन पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाका. जोरात फसफसला तर तो भाग मेलेला आहे. आकडा हवा असेल तर साखरेची चाचणी करा: सुकवून बारीक केलेला अर्धा ग्रॅम नमुना, उकळून गार केलेलं ४० मिली पाणी, ४० टक्के साखरेचं १०० मिली द्रावण. पंधरा मिनिटं हलवत ठेवा, फिनॉल्फ्थॅलीनचे (चुना असेल तिथे गुलाबी होणारं द्रावण) दोन थेंब घाला आणि गुलाबी रंग जाईपर्यंत ०.१७८२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड मोजून थेंब-थेंब घाला. जितके मिली ॲसिड लागलं तितके टक्के उपलब्ध कॅल्शियम ऑक्साइड. साखर मोकळा चुना विरघळवते, चुनखडीला सोडून देते, म्हणून आकडा फसवत नाही.

खड्ड्यांचं कारण तुमची कळीच्या चुन्याची भुकटी आहे. कळीचा चुना विरताना घनरूपात जवळजवळ दुप्पट फुगतो. जास्त भाजलेला दाणा मिक्सरमध्ये विरत नाही, विटेत बसून आठवड्यांनी विरतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. तो पांढरा ठिपका म्हणजे तोच दाणा. कळीचा चुना वापरायचाच तर आधी विरवा: १०० किलोला शास्त्राप्रमाणे ३२ लिटर पाणी पुरतं, पण वाफेत बरंच जातं म्हणून ६० ते ७० लिटर धरा. एक-दोन दिवस मुरू द्या, मग १ मिमीपेक्षा बारीक चाळणीतून काढा. चाळणीवर राहिलेले खडे परत कुटून घालायचा मोह टाळा, त्यातच जास्त भाजलेले दाणे असतात. विरवताना माल उकळून उडतो, तेव्हा डोळ्यांवर गॉगल हवाच.

---

पॅनवाला:

वरचं रसायन बरोबर आहे, पण निम्म्या विटा मिक्सर आणि क्युरिंगमध्ये मरतात, त्यावर बोलतो.

रेती सगळ्यांत शेवटी टाका. आधी राख, चुना, जिप्सम आणि थोडं पाणी एवढंच रोलरखाली ३-४ मिनिटं फिरवा. गाळाच्या गाठी तिथेच फुटल्या पाहिजेत. मग रेती, उरलेलं पाणी, आणखी २ मिनिटं. ताजी वीट मधोमध फोडून बघा. मोहरीपेक्षा मोठा पांढरा कण दिसला तर मिक्सिंग झालेलं नाही. फिनॉल्फ्थॅलीन फुटलेल्या तोंडावर शिंपडलं की सगळीकडे सारखा गुलाबी रंग यायला हवा. गुलाबी बेटं आणि मध्ये राखाडी पट्टे दिसले तर चुना एकीकडे आणि राख दुसरीकडे आहे, मग टक्केवारी काहीही असो.

पाणी: मूठभर माल घट्ट दाबा. गोळा राहिला, बोटाने टोकला की दोन-तीन तुकडे झाले आणि तळहात फक्त दमट झाला, की बरोबर. गोळा भुसभुशीत झाला तर पाणी कमी, अशी वीट कडेने झडते. तळहातावर पाणी सुटलं तर ती प्रेसच्या प्लेटला चिकटणार आणि बाहेर काढल्यावर पोट काढणार. पूर्ण दाबाला डायच्या (साच्याच्या) फटीतून किंचित ओल दिसते, तिथे थांबा.

विटेच्या जाडीत आडवी केसासारखी चीर दिसत असेल तर ती अडकलेल्या हवेची. दाब वाढवला की ती वाढते, कमी होत नाही. आधी हलका दाब, क्षणभर सैल, मग पूर्ण दाब. आणि दर तासाला पाच ताज्या विटा वजन करा. तुमच्या मापाच्या विटेचं घनफळ १.९ लिटर आहे, म्हणजे ताजं वजन ३.३ किलोच्या आसपास यायला हवं. ३ किलोची वीट निघत असेल तर रसायन कितीही चांगलं असलं तरी ती पोकळच.

क्युरिंग: पहिले २४ तास पॅलेटवरून हलवायची नाही, वर प्लॅस्टिक किंवा ताडपत्री. दुसऱ्या दिवशी फक्त तुषार, तिसऱ्या दिवसापासून थप्पी लावून पाणी मारायचं, किमान १४ दिवस, जमलं तर २१. दिवसातून दोनदा पाणी मारून मध्ये कडक उन्हात सुकू दिलं तर ते क्युरिंग नव्हे. वीट सुकली की राख-चुन्याची क्रिया थांबते आणि वरचा चुना हवेने चुनखडी होऊन बसतो. थप्पीवर ओलं गोणपाट टाका, त्यावर प्लॅस्टिक. थंडीत क्रिया खूप मंदावते. तेव्हा विटा उशिरा पाठवा किंवा साध्या दाबाच्या वाफेची खोली करा, ६० ते ६५ अंश, ८ ते १० तास. जिप्सम आहे म्हणून ७० च्या वर नेऊ नका. त्यापुढे एट्रिंगाइट मोडतं आणि नंतर घट्ट झालेल्या विटेत परत बनायला लागलं की चिरा पडतात.

---

ऑटोक्लेव्ह:

रेती आणि चुना एवढ्यावरच वीट होते, पण तिला दाबाची वाफ लागते. जर्मनीत विल्हेल्म मिखाएलिस यांनी १८८० मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. ९० टक्क्यांच्या आसपास सिलिका रेती, ५ ते १० टक्के कळीचा चुना, रिॲक्टरमध्ये काही तास ठेवून चुना पूर्ण विरवतात, प्रेस करतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये १७५ ते २०० अंशांच्या वाफेत काही तास ठेवतात. त्या तापमानाला रेतीच्या दाण्याची पृष्ठभागावरची सिलिका विरघळते आणि चुन्याशी बांधली जाते. महिनाभराचं काम एका दिवसात उरकतं. पण ८ ते १६ बारचं भांडं, त्याची तपासणी, बॉयलर, हे सगळं आलं. साध्या क्युरिंगमध्ये ते मिश्रण वापरणं म्हणजे रेतीला नुसता चुना फासणं.

सिमेंटबद्दल: ८ ते १० टक्के सिमेंट घातलं तर तिसऱ्या दिवसाचा कोपरा नक्की टिकेल. पण त्याने मेलेला गाळ जिवंत होत नाही, फक्त झाकला जातो. आधी चुना नीट करा, मग ठरवा.

---

कच्चामाल:

सगळ्यांचे आभार. प्रयोगशाळेतून साखरेची चाचणी करून घेतली, सुक्या गाळात उपलब्ध कॅल्शियम ऑक्साइड ३१ टक्के आलं. जिप्समच्या पाण्यात पीएच पेपर ३ आणि ४ च्या मध्ये दाखवतो. राख एकाच ठिकाणची नाही, काही गाड्या हॉपरच्या (वीज केंद्रात कोरडी गोळा केलेली), काही तळ्यातल्या (पाण्याबरोबर तळ्यात सोडलेली).

---

राखुंडी:

तिन्ही दुखणी एकदम सापडली.

३१ टक्के ऑक्साइड म्हणजे विरलेला चुना ४१ टक्के (१.३२ ने गुणा). नुसत्या या गाळावर भागवायचं तर घाण्याला ५३ किलो सुका गाळ लागेल. शक्य नाही. निम्मा चुना भुकटीतून घ्या: भुकटी १२, सुका गाळ २६, राख ११०, जिप्सम १०, रेती ४२. गाळातली चुनखडी विटेचं नुकसान करत नाही, फक्त रेतीची जागा खाते, म्हणून रेती कमी केली. पुढचा गाळ घेताना ताजा, ढिगाच्या आतला घ्या. ४० टक्के ऑक्साइडच्या खालचा मी तरी चुना म्हणून घेणार नाही. ताज्या गाळाला लसणासारखा वास येत असेल आणि बुडबुडे सुटत असतील तर त्यात न विरलेलं कार्बाइड आहे, त्यातून ॲसिटिलीन सुटतो. बंद शेडमध्ये ठेवू नका, जवळ बिडीही नको.

जिप्सम आम्लयुक्त आहे म्हणजे त्यात फॉस्फरिक ॲसिडचा अंश राहिला आहे. फॉस्फेट आणि फ्लोराइड सेटिंग लांबवतात, तुमचा तिसऱ्या दिवसाचा कोपरा इथेच गेला. धुऊन घ्या, किंवा १-२ टक्के विरलेला चुना पाण्यात कालवून मिसळा, दिवसभर ठेवा आणि पीएच ७ च्या वर गेल्यावरच वापरा. मग सुक्या वजनाने पूर्ण ५ टक्के द्या. तुमचं ओलं, भुसभुशीत ३ घमेली म्हणजे वजनाने त्याहून बरंच कमी पडत असणार. मात्र जिप्सम जास्त झालं तर वीट फुगते आणि लोणा फुटतो, तेव्हा ५ ला ८ करू नका.

तळ्यातली राख राख म्हणून मोजू नका, ती जाड असते. ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुऊन बघा. वर ३४ टक्क्यांहून जास्त राहिली तर ती रेतीच्या खात्यात टाका. ११० किलो राख हॉपरचीच हवी, आणि ती काळपट दिसत असेल तर न जळलेला कोळसा तपासा. भट्टीत जाळून वजनातली घट ५ टक्क्यांच्या आत हवी. स्टील कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसची दळलेली स्लॅग (लोखंड वितळवताना निघणारी मळी) मिळत असेल तर राखेतले २० किलो तिने बदलून बघा, चुना आणि जिप्सम तिला चांगलं चेतवतात आणि सुरुवातीची ताकद सुधारते.

---

ओळंबा:

ताकद ओल्या विटेची मोजताय ना? आयएस १२८९४ मध्ये (राख-चुन्याच्या विटांचं भारतीय मानक) वर्ग ओल्या विटेच्या ताकदीवरच ठरतो. सुकी वीट नेहमी जास्त आकडा देते आणि साइटवर वाद होतो. ७.५ च्या वर्गाला पाणी शोषण २० टक्क्यांपर्यंत चालतं. २४ तास बुडवून वजन घ्या. शोषण त्याहून जास्त आलं तर पॅनवाल्यांनी सांगितलेलं वजन आधी तपासा.

आणि २८ दिवसांच्या आत वीट भिंतीत जाऊ देऊ नका. या विटा सुकताना आकसतात, ते आकसणं थप्पीत झालेलं बरं. भिंतीत झालं तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते आणि दोष गवंड्यावर जातो. लावण्याआधी वीट नुसती शिंपडून घ्या, टाकीत बुडवून ठेवू नका, आणि मसाला १:६ (सिमेंट:रेती) पेक्षा कडक करू नका.