माणसं मिळत नाहीत म्हणतो आपण, पण पगार काय देतो? तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत माझं लहान वर्कशॉप आहे. चार व्हीएमसी (उभ्या अक्षाची मिलिंग मशीन), दोन सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ), सगळी मिळून सोळा माणसं. सेटरची, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणाऱ्या माणसाची, एक जागा तीन महिन्यांपासून रिकामी आहे. आतापर्यंत बावीस जण येऊन गेले.

मी टेबलावर बसून मुलाखत घेत नाही. ड्रॉइंग आणि बोअर गेज हातात देतो आणि 40 एच7चा बोअर, म्हणजे 40 मिमी व्यासाचं अचूक भोक, मोजायला सांगतो. टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, शून्य ते 25 मायक्रॉन. बावीसपैकी सहा जणांनी गेज आधी रिंगवर (ठरलेल्या मापाच्या कड्यावर) झिरो करून घेतलं. बाकीच्यांनी सरळ बोअरमध्ये घातलं आणि दिसेल तो आकडा सांगितला. अर्जावर मात्र सगळ्यांचाच पाच-सहा वर्षांचा अनुभव. त्यातल्या एकाला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "साहेब, पाच वर्षं जॉब लावला, सायकल स्टार्ट दाबलं, जॉब काढला. ऑफसेटला हात लावू दिला नाही कुणी." (जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, ऑफसेट म्हणजे माप अचूक यावं म्हणून मशीनला द्यायची दुरुस्ती.)

ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढला. ज्या सहा जणांना काम येत होतं, त्यातल्या चौघांना माझे 28 हजार परवडले नाहीत. त्या चौघांतल्याच एकाला मी 30 सांगितले, त्याला शेजारच्या गल्लीतून 34 आले. पाचवा दूर राहायचा, सहाव्याने फोनच उचलला नाही. म्हणजे माणूस मिळत नाही हे खरं, आणि माझ्या पगारात मिळत नाही हेही खरं. दोन्ही मी मांडतोय.

तुम्ही कुठल्याही धंद्यातले असा. हातात किती पडतात, काम कुणी शिकवलं, नोकरी का सोडली किंवा का धरून ठेवली, ते मोकळेपणाने लिहा. कंपनीचं नाव नको, आकडे मात्र खरे द्या.

चाकणचा ऑपरेटर

दादा, तुमच्याकडे आलेला तो मी नव्हे, पण गोष्ट माझीच आहे. मूळ लातूर जिल्हा. 2016ला आयटीआय मशिनिस्ट झालो. नऊ वर्षांत पाच कंत्राटदार बदलले, गेट, म्हणजे कारखाने, मात्र दोनच. काम तेच, मशीन तेच, वर्दीवरचं नाव तेवढं बदलतं. कायम होण्याचा हक्क सांगता येऊ नये म्हणून 240 दिवस भरायच्या आत ब्रेक मिळतो. महिनाभर गावी जायचं, सोयाबीन काढायचं, परत यायचं आणि नवा माणूस म्हणून रुजू व्हायचं. नव्या माणसाचा पगार नव्यासारखाच.

आज पीएफ कापून हातात साडेसतरा हजार येतात. ओव्हरटाइम धरला तर बावीस. कायद्यात ओव्हरटाइम दुप्पट दराने लिहिला आहे. मला तो एकेरीच मिळत आलाय. शेजारच्या लाइनवर कायम कामगार आहेत, माझ्यापेक्षा अडीच-तीन पट पगार. त्यांच्याबद्दल मनात काही नाही, त्यांच्या युनियनने झगडून मिळवलंय ते.

शिकण्याचं म्हणाल, तर रात्रपाळीला एक वयस्क सेटर होते. तीनच्या चहानंतर ते मला बोलवायचे. टूल लेंथ कशी घ्यायची, इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) झिजला की आवाज कसा बदलतो, वेअर ऑफसेट (झिजेची दुरुस्ती) किती द्यायचा, हे त्यांनी शिकवलं. मी हजेरी कार्डाच्या मागे लिहून घ्यायचो. ते रिटायर झाले. त्यांच्या जागी सहा महिने कुणी नव्हतं आणि ऑफसेट मीच टाकत होतो. पदनाम ऑपरेटर, पगार ऑपरेटरचा. सुपरवायझरला विचारलं, तर म्हणाले, "तुझ्याकडे सेटरचा अनुभव कागदावर नाही."

शिल्प निदेशक, सातारा जिल्हा

वरच्या दोन्ही गोष्टी वाचून बोलल्याशिवाय राहवत नाही. मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला, म्हणजे लेथचं काम, शिकवतो. वर्गात वीस मुलं, चालू स्थितीत सात लेथ. सीएनसी एक आहे. टूल तुटलं तर नवीन यायला वेळ लागतो, म्हणून मुलांना त्यावर मोकळं सोडताना माझाच हात थबकतो. असं करू नये हे मला कळतं. आमच्यातले कितीतरी जण तासिका तत्त्वावर आहेत, तास भरला तरच पैसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा एक सहकारी गॅरेजला काम करतो.

आता शिकाऊ उमेदवारीबद्दल. 1961चा कायदा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि त्या मोजणीत कंत्राटी माणसंही धरतात. तीसच्या आतल्या, चार किंवा त्याहून जास्त माणसांच्या कारखान्याला सक्ती नाही, पण मुभा आहे. भोसरीच्या साहेबांना हे मुद्दाम सांगतो. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त महिन्याला दीड हजार रुपये, केंद्र सरकार भरतं. राज्याने 2024मध्ये आणलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तर आयटीआयवाल्याला 8 हजार सरकारकडूनच मिळतात. पैसा अगदीच नाही असं नाही.

पण मुलगा आत गेल्यावर काय होतं? माझी कितीतरी मुलं वर्षभर पॅकिंगला उभी राहिली आहेत. सर्टिफिकेटवर टर्नर, हातात टेपची गुंडाळी. एका मुलाला मी फोन केला होता. म्हणाला, "सर, लेथ काचेतून दिसतो." तोच मुलगा आमच्या वर्कशॉपमध्ये थ्रेडिंग (आटे पाडणं) इतकं स्वच्छ करायचा की बाकीची पोरं बघायला गोळा व्हायची. आता तो पार्सल पोचवतो. त्यात त्याला कारखान्यापेक्षा चार पैसे जास्त मिळतात. आईबाप मला विचारतात, मग दोन वर्षं कशाला घालवली? त्यांना काय सांगायचं?

भरतीचं काम करणारी, पुणे

मी आयटीतल्या जागा भरते. आमच्याकडे 2021-22ला एका माणसाच्या हातात चार-चार ऑफर असायच्या, रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद. नंतरच्या दोन वर्षांत उलटं झालं. ऑफर लेटर हातात असलेली नवी मुलं आठ-आठ महिने थांबली. मोठ्या कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज दहा वर्षांपूर्वीही साडेतीन लाखांच्या आसपास होतं आणि आजही बऱ्याच ठिकाणी तिथेच आहे. खोलीभाडं मात्र तिथे थांबलेलं नाही.

एक गोष्ट आतून बघितलेली सांगते. पगार कौशल्यावर ठरत नाही, मागच्या पगारावर ठरतो. आधीची सॅलरी स्लिप मागायची आणि वर तीस टक्के द्यायचे. त्यामुळे जो पहिल्या नोकरीत कमी पगारावर लागला, तो कितीही चांगला असला तरी मागेच राहतो. बाळंतपणानंतर परत आलेल्या बायकांचं तर विचारूच नका. मी दोनदा वरिष्ठांशी यावरून भांडले. एकदा जिंकले.

मिरजेची नर्स, सध्या जर्मनी

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला, मग मिरजेत सहा वर्षं खासगी दवाखान्यात काढली. आयसीयूत रात्री दोन नर्स आणि नऊ पेशंट. हातात 16 हजार. दर महिन्याला भिंतीवर "नर्सेस पाहिजेत" असा कागद लागायचा आणि दर महिन्याला आमच्यातली एक तरी सोडून जायची. पगार दोन हजारांनी वाढवला असता तर निम्म्या तरी थांबल्या असत्या असं मला आजही वाटतं.

मग जर्मन भाषा शिकायला लागले. सकाळी ड्यूटी, संध्याकाळी क्लास. बी2 या भाषा-पातळीच्या परीक्षेला पहिल्यांदा नापास झाले, तोंडी भागात. एक गोष्ट इकडे यायला निघालेल्या पोरींसाठी स्पष्ट लिहिते. आल्या आल्या तुम्ही नर्स नसता. शिक्षणाला इथली मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणून काम करावं लागतं. आंघोळ घालणं, जेवण भरवणं, अंथरूण बदलणं. सहा वर्षं व्हेंटिलेटर सांभाळलेला हात असतो आपला, आणि इथे सलाईनला शिवायची परवानगी नसते. मला मान्यता मिळायला अकरा महिने लागले. तोवर हातात साधारण 1900 युरो, आता 2250. घरभाडं जाऊन उरतात तेही घरी पाठवण्याइतके आहेत.

2024च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची संख्या वर्षाला 20 हजारांवरून 90 हजार केली. आई फोनवर विचारते, आपल्या दवाखान्यात कोण राहील गं मग? ती स्वतः मागच्या महिन्यात ॲडमिट होती. रात्री बेल वाजवली की अर्ध्या तासाने कुणीतरी यायचं. मी इकडे दुसऱ्याच्या आईची बेल पहिल्या मिनिटाला उचलते.

मडगावचा कुक

क्रूझवर आठ महिने असतो, चार महिने गोव्यात. इथल्या हॉटेलांत तंदूरला माणूस नाही, ग्रिलला माणूस नाही. मला विचारतात, राहतोस का? सीझनपुरता राहा म्हणतात, पावसाळ्यात बघू म्हणतात. पावसाळ्यात माझ्या मुलांची शाळा बंद नसते.

धागाकर्ता, भोसरी

दोन रात्री हे सगळं वाचतोय. मिरजेच्या ताई, आईंची तब्येत आता कशी आहे ते नक्की कळवा.

चाकणच्या भावा, तुझी हजेरी कार्डं जपून ठेवली असशील तर ती घेऊन ये. मला कागदावरचा अनुभव नको, बोअर गेज हातात धर. माझ्याकडे सुरुवात 30 हजार, पीएफ वेगळा, ओव्हरटाइम दुप्पट. त्यापुढे आज मला झेपत नाही. मोठी कंपनी माझ्या जॉबचा जो दर देते तो चार वर्षांत वाढलेला नाही आणि त्या दरातूनच मला पगार काढायचा असतो. हेही कुणीतरी लिहायला हवं होतं.

सर, माझी सोळाच माणसं, म्हणून शिकाऊ उमेदवाराचा विचार मी कधी केलाच नव्हता. दोन मुलं पाठवा. मुली असल्या तरी चालतील, स्वतंत्र स्वच्छतागृह आहे. जुना मॅन्युअल लेथ विकायला काढला होता, तो राहू देतो. पहिले तीन महिने त्यावर, मग सीएनसी. ऑफसेट त्यांनीच टाकायचा. जॉब रिजेक्ट गेले तर त्याचा हिशोब माझ्या वहीत.

तुमचा तो थ्रेडिंगवाला मुलगा अजून पार्सलच्याच कामावर आहे का?