बर्फ, स्की आणि आपण सोलापूरकर : तुमचे अनुभव लिहा

होटगीरोडवाली
आज पारा ४३ ला टेकलाय. लाइट गेली म्हणून माळा आवरायला काढला तर जाडजूड हातमोजे हाताला लागले आणि स्वित्झर्लंडमधलं एंगेलबर्ग आठवलं. लेक झुरिकला असते. तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा शनिवार-रविवार धरून तिने ओढतच नेलं. ल्युसर्नहून छोटी गाडी, पाऊण तासात गावात. गाव हजारेक मीटरवर, तिथून टिटलिस डोंगराच्या रोपवेच्या केबिनने थेट ३०२० मीटर. शेवटच्या टप्प्यात केबिन स्वतःभोवती फिरतं, सगळे फोटो काढत होते. माझ्या लक्षात राहिले ते बूट. नडगीपर्यंत कडक प्लास्टिक, घोटा हलत नाही, आणि ते घालून लोखंडी जिना उतरायचा! आमचे हे कठडा धरून म्हणाले, "तुम्ही या जाऊन, मी कॉफी घेतो."
शिकवणारी पोरगी विशीतली. स्कीची टोकं जवळ, टाचा लांब, गुडघे वाकवा, नडगी बुटाला दाबून ठेवा. भीती वाटली की माणूस मागे झुकतो, मागे झुकला की स्की जास्तच पळतात. अंगाला हे पटायला दुपार झाली. आणि घाम किती! बाहेर उणे तापमान, आत मी चिंब. तुम्ही कुठे कुठे जाऊन आलात?

कडकभाकरी
गुलमर्ग. बूट तसलेच, पण भाड्याचे आणि आतून ओले. पडायला शिकवतात ते आधी शिका बाबांनो, बाजूला कुशीवर पडायचं. उठायचं कसं ते तिथल्या बारक्या पोरांना बघून शिकलो, स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता उठता परत घसरता.

सातरस्ता
काय बे, तू तर हॉटेलातच बसला होतास म्हणे!

कडकभाकरी
संध्याकाळी बे. सकाळी गंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या रांगेत होतो. त्याचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जातो, जवळपास ३९५० मीटर. वर चार पावलं चाललं की धाप लागते. नवशिक्यांनी तिथून स्की घालून उतरायचा विचारसुद्धा करू नये.

निवांत_आजोबा
छान लिहिलंय. आम्ही उत्तराखंडात औलीला गेलो होतो, जुनी गोष्ट. जोशीमठहून रोपवेने वर, चारेक किलोमीटर, समोर नंदादेवी. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठात घरांना तडे गेले आणि रोपवे बंद केला, ते वाचून फार वाईट वाटलं. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांचा फोन लागत नाही.

होटगीरोडवाली
अरेरे. लागला की कळवा काका.

चाटीगल्ली
टिटलिसला उन्हाळ्यात बर्फ वितळू नये म्हणून वरून पांढरं कापड अंथरतात, खरंय का? एवढ्या चादरी आपल्याकडूनच घ्या म्हणावं!

इंजिनियर_बाई
खरंय. ऊन परतवायला पांढरं. आतली थंडी आत राहते, म्हणून वितळणं कमी होतं. पण आपली चादर नको हो, मोर बघायला सगळे थांबतील.

सातरस्ता
😂😂 ऑर्डर गेली.

पार्कचौक
बर्फात ऊन लागतं हे कुणी सांगत नाही. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांत करपलो! ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनपण येतं. आम्ही सोलापूरचे, आम्हाला काय ऊन लागतंय म्हणून क्रीम लावलं नाही माझ्या मेव्हण्याने. तो आठवडाभर कुणालाच फोटो दाखवत नव्हता. बाकी आमची खुर्चीवाली लिफ्ट मधेच थांबली, खाली पाय लोंबकळताहेत, शेजारची बाई जर्मनमध्ये काहीतरी सांगतेय, मी आपला हो हो म्हणतोय. नंतर कळलं, काठी पडली माझी.

भाकरीचंद्र
स्की करणाऱ्यांनो, खर्च लिहा की. पास, बूट, शिकवणारा, सगळं वेगवेगळं लावतात का?

होटगीरोडवाली
वेगवेगळं. जावयाने भरलं, आकडा सांगितला नाही, मी विचारला नाही. दुपारचं जेवण मात्र डब्यातलं, शेंगाचटणी आणि धपाटे. बाजूचे बघत होते.

चाटीगल्ली
चटणी विमानात नेऊ देतात?

इंजिनियर_बाई
मोठ्या बॅगेत टाका. मटण आणि दुधाचे पदार्थ तिकडे अडवतात, चटणीला काही नाही.

कडकभाकरी
तेल सुटतं पण. दोन पिशव्यांत घाला, कपड्यांपासून लांब ठेवा.